हेवी लायसन्सची लेखी तयारी केबिनमध्ये बसून कशी करावी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर ती तुमच्या लगेच लक्षात येईल. तुमचे वय तेवीस आहे, राहणे चाकणच्या बाजूला आहे, एलएमव्हीचे (हलक्या वाहनाचे) लायसन्स हातात घेऊन तीन वर्षे तुम्ही छोटा हत्ती चालवत आहात आणि शिक्षण नववीपर्यंत मराठी माध्यमातून झाले आहे. आता हेवीचे (जड वाहनाचे) लायसन्स काढून दहा किंवा बारा टायरी गाडीवर बसण्याचा विचार आहे. गाडीची भीती वाटत नाही, कागदाची वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. एक मित्र साध्या लर्निंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाला, एजंट ‘ओटीपी तेवढा दे, बाकी मी बघतो’ असे म्हणतो, आणि या परिस्थितीत कोणते पुस्तक आणून वाचावे हे तुम्ही विचारले आहे.

मी चौदा वर्षे हेवी गाडी चालवली आणि गेली अकरा वर्षे पिंपरी-चिंचवडमधील एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हेवीच्या मुलांना थिअरी शिकवतो. त्या अनुभवावरून सांगतो, की पुस्तक कोणते हा प्रश्न दुय्यम आहे. हेवीच्या मार्गात प्रश्न विचारले जाण्याच्या जागा एकाहून अधिक आहेत, आणि तुम्ही ज्या जागेची भीती धरून बसला आहात ती जागा कदाचित तुमच्या वाट्याला येणारच नाही. ज्या जागा नक्की येणार आहेत, त्यांचा मात्र तुम्ही उल्लेखही केलेला नाही.

शिकाऊ लायसन्सच्या प्राथमिक चाचणीचा नियम केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत अकराव्या क्रमांकावर आहे. चाचणीत चिन्हे, सिग्नल आणि रस्त्याचे नियम, अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये, रक्षक नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी आणि गाडीसोबत ठेवायची कागदपत्रे या चार गोष्टींवर प्रश्न असतात. साठ टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात, म्हणजे आपल्याकडील पंधरा प्रश्नांपैकी नऊ. मात्र ज्याच्याकडे चालू स्थितीतील पक्के लायसन्स आहे, त्याला त्याच नियमाने या चाचणीतून सूट दिलेली आहे. हेवीचे लर्निंग मिळण्यासाठी एलएमव्हीचे लायसन्स किमान एक वर्ष जुने असावे लागते आणि वय वीस पूर्ण असावे लागते, त्यामुळे हेवीला येणारा जवळजवळ प्रत्येक उमेदवार आधीच लायसन्सधारक असतो. तुमच्या बाबतीत नक्की काय होईल, हे तुमचे लायसन्स आज चालू आहे की त्याची मुदत संपली आहे, यावर अवलंबून राहील. सारथी या लायसन्सच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरल्यावर पुढचे टप्पे दिसतात, त्यांत चाचणीचा स्लॉट मागितला आहे की नाही ते स्वतः पाहा. एजंटला विचारू नका, कारण सूट असलेल्या परीक्षेत ‘पास करून देण्याचे’ पैसे घेणे हा त्याच्या दृष्टीने सर्वांत सोपा धंदा आहे. आमच्याकडे आलेल्या एका मुलाने असे अडीच हजार रुपये भरले होते आणि आपले काम झाले म्हणून तो त्या माणसाचे आभार मानत होता.

‘नववी पास’ हे तुम्ही जरा संकोचाने लिहिले आहे असे वाटले. परिवहन गाडीच्या चालकासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट पूर्वी होती, ती सप्टेंबर 2019 मध्ये काढून टाकण्यात आली. त्या बाजूने तुम्हाला कसलीही अडचण नाही.

मग प्रश्न नक्की कोठे विचारले जातात? एक जागा म्हणजे ड्रायव्हिंग स्कूल. हेवीच्या पक्क्या लायसन्ससाठी स्कूलचे नमुना 5 मधील प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ते नीट चालणाऱ्या स्कूलमध्ये वर्गात बसल्याशिवाय मिळत नाही. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्राचा मार्ग घेतला, तर जड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत 38 तासांचा असतो, त्यात थिअरीचे तास असतात आणि शेवटी चाचणी असते. ती उत्तीर्ण झाल्यास आरटीओपुढील ड्रायव्हिंग टेस्टमधून सूट मिळते. दुसरी जागा म्हणजे प्रत्यक्ष टेस्टच्या दिवशी शेजारी बसलेला इन्स्पेक्टर, जो गाडी चालू करण्याआधीच ‘काय काय पाहिलेस?’ असे विचारतो. तिसरी जागा नोकरीची. एसटीच्या चालक भरतीत लेखी परीक्षा असते, आणि खासगी ट्रान्सपोर्टमध्येही चाकण-तळेगावच्या मोठ्या कारखान्यांचा माल उचलणारे लोक हल्ली गेटवरच वीस-पंचवीस प्रश्नांचा कागद पुढे ठेवतात. चौथी जागा धोकादायक मालाच्या प्रशिक्षणाची, तिच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहितो. या चारही ठिकाणी विचारले जाणारे ज्ञान एकच आहे, फक्त विचारण्याची तऱ्हा निराळी आहे. म्हणून तयारी एकदाच करावी आणि ती या सगळ्यांना पुरेल अशी करावी, असा माझा आग्रह असतो.

आता तुमच्या मित्राकडे वळतो, कारण त्याच्या नापास होण्यात तुमच्या उपयोगाचे बरेच आहे. मराठी माध्यमातील मुले मराठीतल्याच परीक्षेत का अडतात, याचे मला पहिली दोन वर्षे कोडे वाटे. नंतर लक्षात आले, की प्रश्नांचे मराठी आणि रस्त्यावरचे मराठी या दोन वेगळ्या भाषा आहेत. आपण लायसन्स म्हणतो, पडद्यावर ‘अनुज्ञप्ती’ येते. आपण झेब्रा म्हणतो, तिथे ‘पादचारी मार्ग’ असतो. आपण ‘आधी त्याला जाऊ द्यायचे’ म्हणतो, तिथे ‘अग्रक्रम’ असतो. ओव्हरटेकचे ‘ओलांडून पुढे जाणे’ होते. एक विद्यार्थी बारा वर्षे क्लीनर म्हणून फिरलेला, निम्मा देश पाहिलेला माणूस होता. त्याने ‘अनुज्ञप्ती’ हा शब्द ‘अनुमती’ असा वाचला आणि मालकाची परवानगी सोबत ठेवावी असे समजून उत्तर दिले. त्याला कागदपत्रांची खडान्‌खडा माहिती होती, प्रश्न काय आहे तेवढे कळले नव्हते. अशा माणसाला आणखी एक पुस्तक देऊन काय उपयोग?

म्हणून पहिले चार दिवस फक्त शब्दांना द्यावेत. शंभर पानी वही घ्यावी, पानाच्या मधोमध रेघ मारावी, डाव्या बाजूला परीक्षेतला शब्द आणि उजव्या बाजूला आपण गाडीवर बोलतो तो शब्द लिहावा. सारथीच्या संकेतस्थळावर सराव परीक्षा आहे, ती मराठी निवडून रोज दोनदा द्यावी आणि गुण किती मिळाले याकडे न पाहता अडलेले शब्द वहीत उतरवावेत. साधारण साठ-सत्तर शब्दांनंतर नवे शब्द येणे जवळपास थांबते. वाचन अगदीच संथ असेल, तर प्रश्न मोठ्याने वाचावा. वाचन चांगले असेल, तर हे काम दोन दिवसांतही उरकते.

याच टप्प्यावर एका सवयीपासून सावध करतो. अनेक मुले उत्तराचा क्रमांक पाठ करतात, ‘दिवे कधी लावायचे, तिसरा पर्याय’ अशा रीतीने. पर्यायांचा क्रम बदलला की हा सगळा अभ्यास पाण्यात जातो. त्याहून वाईट म्हणजे इन्स्पेक्टरने किंवा गेटवरच्या माणसाने तोच प्रश्न तोंडी विचारला, तर पर्यायच समोर नसतात.

शब्द झाल्यावर मात्र वही घेऊन घरात बसू नये. ओळखीच्या कोणाची तरी मोठी गाडी असेलच. नसेल तर निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात रविवारी दुपारी उभ्या गाड्या असतात आणि एखादा चालक चहाच्या बदल्यात अर्धा तास केबिनमध्ये बसू देतो. किल्लीला हात न लावता चालकाच्या जागेवर बसावे आणि प्रत्येक प्रश्न ‘या सीटवरून हे कसे दिसते?’ असे विचारून सोडवावा. तुम्ही तीन वर्षे छोटा हत्ती चालवला आहे, हीच तुमची जमेची बाजू आहे आणि हीच अडचणही आहे. लहान गाडीचे उत्तर तुमच्या तोंडात आधीच तयार असते, आणि मोठ्या गाडीला ते बऱ्याच वेळा चुकीचे ठरते.

पहिला प्रयोग अगदी सोपा आहे. मित्राला खाली उभे करून गाडीच्या भोवती सावकाश फिरायला सांगावे आणि तो कोठे दिसेनासा होतो ते मोजावे. डाव्या दरवाजाला लागून चालताना तो जवळजवळ पूर्ण नाहीसा होतो, बंपरच्या अगदी पुढ्यात त्याचे डोकेही दिसत नाही आणि हौद्याच्या मागे तर प्रश्नच नाही. ‘डावीकडे वळताना काय कराल?’ या प्रश्नाचे उत्तर छोट्या हत्तीवाला ‘इंडिकेटर देईन’ असे देतो. ज्याने आपला मित्र डाव्या आरशातून नाहीसा झालेला पाहिला आहे, तो ‘डावा आरसा पाहीन, दुचाकी आत शिरली नाही याची खात्री करीन, मागची चाके आतून कापून येतात म्हणून जागा ठेवीन’ असे सांगतो. पुण्यात डाव्या बाजूने दुचाकी शिरणार, हे गृहीत धरूनच चालावे लागते. या उत्तरासाठी पाठांतर लागत नाही.

चिन्हांच्या बाबतीत सर्वसाधारण नियम तुम्हाला माहीत असतील: लाल कडेचे गोल चिन्ह आज्ञा देते, लाल कडेचा त्रिकोण सावध करतो, निळा आयत माहिती देतो. छोट्या हत्तीला ज्यांचा कधी संबंध आला नाही, अशा चिन्हांकडे विशेष लक्ष द्यावे. वर-खाली बाण असलेली उंचीची मर्यादा, डाव्या-उजव्या बाजूने बाण असलेली रुंदीची मर्यादा, लांबीची मर्यादा, एकूण वजनाची मर्यादा आणि एका ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा ही पाच चिन्हे शेजारी शेजारी काढून पाहावीत. शेवटच्या दोहोंत मुले हमखास चुकतात. एक चिन्ह सगळ्या गाडीच्या वजनाविषयी बोलते आणि दुसरे एका आसाखालच्या रस्त्यावर पडणाऱ्या भाराविषयी. गाडी एकूण वजनात बसत असतानाही सगळा माल मागे रचला असेल, तर मागच्या ॲक्सलचा भार मर्यादेबाहेर जाऊ शकतो. एवढे समजले की दोन चिन्हांची गल्लत होत नाही. पार्किंगला मनाई म्हणजे एक तिरकी रेघ आणि थांबण्यालाच मनाई म्हणजे फुली, हाही असाच जोडीने पाहण्याचा विषय आहे. रेल्वे फाटकाच्या त्रिकोणात फाटकाचे चित्र असेल तर रक्षक आहे, इंजिनाचे चित्र असेल तर नाही.

रक्षक नसलेल्या फाटकाचा नियम मला स्वतःला फार आवडतो, कारण तो लिहिणाऱ्याला मोठी गाडी ठाऊक होती असे वाटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 131 नुसार गाडी थांबवून क्लीनरला किंवा गाडीतल्या दुसऱ्या कोणाला रुळांपर्यंत चालत पाठवायचे, दोन्ही बाजूंनी रेल्वेगाडी किंवा ट्रॉली येत नाही याची त्याने खात्री करायची आणि त्याने वाट दाखवल्यावर गाडी पलीकडे न्यायची असते. सोबत कोणीच नसेल, तर चालकाने स्वतः उतरून पाहायचे असते. ‘हॉर्न वाजवून वेगाने पार करावे’ आणि ‘वेग कमी करून दोन्हीकडे पाहावे’ असे पर्याय दिलेले असतात आणि दुसरा पर्याय शहाणपणाचा वाटतो म्हणून मुले तो निवडतात. बंद काचांच्या केबिनमध्ये, चालू इंजिनाच्या आवाजात बसून पाहा. बाहेरची शिट्टी किती ऐकू येते हे कळले, की खाली का उतरायचे ते विसरणार नाही.

अपघाताच्या प्रश्नातही असाच एक बारकावा आहे. कलम 134 प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. मात्र जमावाच्या रोषामुळे किंवा हाताबाहेरच्या दुसऱ्या कारणामुळे ते शक्य नसेल, तर कायदा ती अडचण मान्य करतो. पोलीस जागेवर नसतील, तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत कळवावे लागते, आणि विमा कंपनीलाही माहिती द्यावी लागते. गाडी सोडून गावाला निघून जाणे आणि जमावापासून जीव वाचवून थेट ठाण्यात हजर होणे यांत कायद्याने फरक केला आहे. हेवी चालकाला हा फरक परीक्षेपेक्षा आयुष्यात अधिक उपयोगी पडतो.

वेगाचे आकडे पाठ करावेच लागतात, त्यांना दुसरा इलाज नाही. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे मालवाहू गाड्यांची कमाल मर्यादा द्रुतगती मार्गावर आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी 80 किलोमीटर, तर शहरातील आणि इतर रस्त्यांवर 60 आहे. जागेवरच्या फलकावर याहून कमी आकडा असेल, तर फलक खरा. मद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. ओव्हरलोडला कायद्यात 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड सांगितला आहे. परिवहन लायसन्सची मुदत पाच वर्षे. जुन्या पुस्तकांत तीन वर्षे छापलेले आढळते, ते 2019 च्या दुरुस्तीपूर्वीचे आहे. म्हणून पुस्तक घ्यायचेच असेल, तर आधी हे पान उघडून पाहावे आणि तीन वर्षे लिहिलेले दिसल्यास ते परत ठेवावे. कोणते पुस्तक घ्यावे, याचे माझ्याकडे एवढेच उत्तर आहे.

आता ज्या विषयावर मी वर्गात सर्वाधिक वेळ घालवतो, त्याकडे येतो. घाटात आणि उतारावर गाडी कशी चालवावी, यावर लेखी प्रश्न दोन-तीनच असतात: अरुंद चढावर अग्रक्रम कोणाला, उतारावर गाडी कोणत्या गियरमध्ये ठेवावी, न्यूट्रल करून इंजिन बंद करावे की नाही. उत्तरे एका ओळीची आहेत. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावे, उतरताना खालचा गियर ठेवावा, न्यूट्रल कधीच करू नये. मात्र पुण्याच्या मुलांना ही उत्तरे कारणांसह यावीत असे मला वाटते, कारण आपल्या शहरात बऱ्याच बाजूंनी शिरताना वाटेत घाट किंवा लांब उतार येतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता दिसायला सरळ आहे, म्हणूनच तो फसवतो. नोव्हेंबर 2022 मध्ये त्या उतारावर एका जड गाडीने एकापाठोपाठ अनेक गाड्यांना धडक दिली, हे तुम्ही बातम्यांत पाहिले असेल.

कारण असे आहे. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन चालू असताना कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरत राहतो आणि प्रत्येक वेळी पेडल दाबले की त्यातली थोडी हवा खर्च होते. इंजिन बंद केले की भरणे थांबते, खर्च मात्र चालू राहतो. न्यूट्रलमुळे इंजिनाची ओढ गेलेली असल्याने सगळा भार ब्रेकवर येतो, म्हणून पेडल अधिक वेळा दाबावे लागते, ब्रेकचे लायनर तापतात आणि तापलेले लायनर धरत नाहीत. त्यातच पॉवर स्टिअरिंगही जड होते. डिझेल वाचते हा समजही आता खरा नाही. नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गियरमध्ये उतरत असेल आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसेल, तर डिझेल आपोआप तोडले जाते.

हे मी कागदावरून शिकलो नाही. 1997 साली मी क्लीनर होतो आणि कोल्हापूरहून मार्केट यार्डात गूळ आणत होतो. कात्रजच्या जुन्या घाटात माथ्यावर आल्यावर उस्तादांनी, म्हणजे गाडीच्या चालकाने, नेहमीच्या सवयीने इंजिन बंद केले. पहिली दोन वळणे गाडी गुळगुळीत उतरली. तिसऱ्या वळणाच्या आधी हवेचा बझर वाजू लागला आणि गेजचा काटा माझ्या डोळ्यांदेखत लाल पट्ट्याकडे सरकताना मी पाहिला. उस्ताद काहीच बोलले नाहीत, सेल मारून त्यांनी इंजिन चालू केले, कसाबसा गियर घातला आणि डोंगराच्या बाजूला गटारात डावी चाके घालून गाडी थांबवली. खाली उतरल्यावर चाकांतून जळक्या लायनरचा वास येत होता आणि मी ठोकळा चाकाखाली सरकवताना ड्रमची धग मनगटाला लागत होती. त्यानंतर तासभर आम्ही तेथेच बसून होतो. ‘उतारावर वाहन न्यूट्रल करणे योग्य आहे काय?’ हा प्रश्न वर्गात आला, की मी उत्तर सांगत नाही. उभ्या गाडीत इंजिन बंद करून, चाकांना ठोकळे लावून, मुलांना पेडल दाबायला आणि सोडायला लावतो आणि गेजकडे बघायला सांगतो. किती वेळा दाबल्यावर बझर वाजतो ते गाडीगणिक वेगळे असते, पण तो वाजल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती सगळीकडे सारखीच असते. तुम्हीही जाणत्या चालकाच्या देखरेखीखाली, सपाट जागेवर हे एकदा करून पाहा.

याचा थेट संबंध टेस्टशी आहे. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये काय पाहावे याची यादी नियम 15 मध्ये दिलेली आहे, त्यात उतरणीला लागताना चटकन खालचे गियर टाकणे आणि चढावर गाडी थांबवून मागे न सरकू देता पुन्हा उचलणे या दोन्ही गोष्टी स्पष्टपणे लिहिल्या आहेत. म्हणजे लेखीतले ते एका ओळीचे उत्तर मैदानात तुमच्या पायांकडून पुन्हा मागितले जाते.

धोकादायक मालाविषयी थोडे. तुम्ही चाकणचे आहात, त्यामुळे केमिकलच्या गाड्या रोज पाहत असाल, आणि लोणी काळभोरच्या डेपोंमुळे पुण्यात टँकरचे कामही भरपूर आहे. त्या कामाला पगार बरा मिळतो, पण साधे हेवी लायसन्स पुरत नाही. नियम 9 प्रमाणे तीन दिवसांचे प्रशिक्षण उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र लागते आणि एका भारतीय भाषेबरोबर इंग्रजीही लिहिता-वाचता यावे अशी अट आहे. आठवीची अट गेली तरी ही अट राहिली आहे, आणि तिच्यामागे कारण आहे: टँकरवरच्या पाटीवरील मालाचे नाव, वर्ग आणि आपत्कालीन सूचना बहुधा इंग्रजीत असतात आणि गळती झाल्यावर अग्निशमन दलाला फोनवर ते वाचून दाखवणारा माणूस तुम्हीच असता. प्रशिक्षणात अशा प्रत्येक मालाला दिलेले संयुक्त राष्ट्रांचे क्रमांक शिकवतात. पेट्रोलचा 1203 आणि डिझेलचा 1202 हे दोन तर रस्त्यावर जाता-येताच पाठ होतील. ट्रेमकार्ड म्हणजे त्या मालाची माहिती आणि अपघातात काय करावे याचा कागद. तो केबिनमध्ये हाताशी असावा, हौद्यात नव्हे. अशा लायसन्सची मुदत तीन वर्षे असते आणि नूतनीकरणाआधी उजळणीचा एक दिवस पुन्हा बसावे लागते. आज याची घाई नको, पण इंग्रजी अक्षरे जोडून वाचण्याचा सराव रोज दहा मिनिटे आतापासून ठेवा.

वेळापत्रक कसे ठेवावे, हे तुमच्या कामावर अवलंबून आहे. रोज रात्री गाडी लावून घरी येणाऱ्याला पंधरा दिवस पुरतात. बाहेरगावच्या फेऱ्या असतील, तर महिना धरावा. लर्निंग मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही आणि लर्निंगची मुदत सहा महिने असते, त्यामुळे अभ्यासासाठी मधला महिना आपोआप मिळतो. तो फुकट घालवू नका. हेवीवर हात बसण्याआधी मधली पायरी हवी असेल, तर एलएमव्हीच्या लायसन्सवर एकूण वजन 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले आहे. छोट्या हत्तीवरून एकदम बारा टायरीवर जाण्यापेक्षा काही महिने अशी गाडी चालवलेली मुले आरसे लवकर शिकतात, असे मी पाहत आलो आहे.

एजंटविषयी तुम्ही सल्ला मागितला नाही, तरी ओटीपीचा उल्लेख केला आहे म्हणून सांगतो. आधारशी जोडलेला ओटीपी देणे म्हणजे तुमच्या नावाने काहीही भरण्याची मुभा देणे आहे. अर्ज भरून देण्याचे, कागद स्कॅन करण्याचे पैसे घेणाऱ्याला ते जरूर द्यावेत, ते काम आहे. ओटीपी मात्र स्वतःच्या हाताने टाकावा. नमुना 1-अ चे वैद्यकीय प्रमाणपत्रही डॉक्टरसमोर बसून, डोळे तपासूनच घ्यावे. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात की नाही, हे तुम्हाला स्वतःलाच कळायला हवे.

तुमच्या मित्राला पुस्तक न देता शब्दांची वही द्या आणि सराव परीक्षा त्याच्या शेजारी बसून, तो प्रश्न मोठ्याने वाचत असताना घ्या. कोठे अडखळतो ते तुम्हाला दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नातच कळेल. आणि सारथीवरच्या अर्जात तुम्हाला चाचणी मागितली आहे की नाही, ते पाहून मला लिहा, म्हणजे सरावाच्या गाडीचे काय करायचे ते त्याप्रमाणे सांगतो. रविवारी आमच्या स्कूलची एक जुनी सहा टायरी मोकळी असते.